पेस्टल चित्रकलेचे घरबसल्या शिक्षण



कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने चित्रकलेवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु हा विषय चळवळीतूनच मजकडे आला. १८८६ साली शिकागोचे कामगार आठ तासांच्या दिवसासाठी संपावर गेले. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःचे, असा त्या मागणीचा अर्थ. पहिल्या दोहोंसाठी आम्ही पुष्कळ भांडलो. तिसऱ्या आठ तासांचे काय करावे, याचा विचार मात्र फारसा केला नाही. आज त्यांतील बराच वेळ मोबाइल खाऊन टाकतो. त्याच मोबाइलवर गेल्या वर्षी मी नवशिक्यांच्या ऑनलाइन वर्गात पेस्टल शिकू लागलो.

पेस्टल म्हणजे रंगाची पूड, थोडा खडू आणि ती धरून ठेवण्यापुरता डिंक यांची कांडी. डिंक अगदी बेताचा असतो, म्हणून रंग मोकळेपणी कागदावर उतरतो. शाळकरी मुलांचे तेलकट खडू ते हे नव्हेत. पहिल्या दिवशी मी तेच घेऊन बसलो आणि शिक्षिकेच्या बोटाखाली जो रंग सहज पसरत होता, तो माझ्या कागदावर काही केल्या पसरेना! या कांड्यांना ब्रश नको, पाणी नको, वाळण्याची वाट पाहणे नको. अर्ध्या तासाने पाळीवर जायचे झाले, तरी काम दुसऱ्या दिवशी तेथूनच पुढे चालते. कष्टकऱ्याला हे माध्यम सोयीचे, ते यामुळे.

सगळी मेख कागदात आहे. खरखरीत कागदाच्या बारीक खळग्यांत रंगाची पूड अडकते. खळगे भरले की पुढचा रंग धरत नाही. नवशिका पहिल्याच थराला जोर लावतो, बोटाने घासत सुटतो आणि मग चित्राचा चिखल झाला म्हणून हळहळतो. याकरिता प्रथम हलक्या हाताने गडद, मध्यम आणि उजळ असे तीनच भाग पाडावेत. सर्वांत उजळ रंग व हाताचा जोर अखेरीस राखून ठेवावा.

आता ऑनलाइन वर्गाचे गुणदोष पाहू. शिक्षकाचा हात इतका जवळून दिसतो, की शेवटच्या बाकावरून तो तसा कधीच दिसला नसता. चित्रित केलेला धडा दहा वेळा मागे न्यावा, तो कंटाळत नाही. पण हाताचा जोर पडद्यावर दिसत नाही आणि रंगही मूळचे तसेच उतरतात असे नाही. मुख्य म्हणजे, असा धडा आपणांस दिसतो; आपला कागद त्याला दिसत नाही.

यावर आम्ही संघटनेचाच उपाय केला. चौघे शिकणारे दर रविवारी आपापली चित्रे भिंतीला टेकवून सहा पावलांवरून पाहतो. सावली चुकलेली असली, तर ती रेघ न ओढणाऱ्यालाही तेवढ्या अंतरावरून खटकते. चूक चौघांसमक्ष कबूल करावी लागते, आणि तेथून खरे शिक्षण सुरू होते.

एक गोष्ट मी विशेष जोर देऊन सांगतो. माझे वडील कापडगिरणीच्या कार्डिंग खात्यात होते. धूळ छातीचे काय करते, ते मी घरीच पाहिले आहे. पेस्टलची पूड कधीही फुंकू नये. फळी उभी ठेवावी, खाली पडलेली पूड ओल्या फडक्याने टिपावी आणि जेवणापूर्वी हात स्वच्छ धुवावेत. काही रंगद्रव्ये विषारी असतात, म्हणून मुलांच्या हाती हे खडू देताना वेष्टनावरील सूचना वाचावी.

वयाची सबब सांगू नये. फ्रेंच चित्रकार शार्दँ याने उतारवयात, दृष्टी अधू झाल्यावर, पेस्टल हाती घेतले. १७७१ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, त्याने काढलेले स्वतःचे चष्मा लावलेले चित्र प्रसिद्ध आहे. त्याचाच समकालीन द ला तूर याने दरबारी मंडळींची पेस्टल चित्रे काढून नाव मिळविले आणि १७८२ साली आपल्या सँ-कांतँ या गावी मोफत चित्रशाळा काढली. राजवाड्यात मिळविलेले त्याने गावाला दिले.

आज तसा वर्ग आपल्या खिशातल्या यंत्रात येतो. उद्या संध्याकाळी खिडकीपाशी एक कप ठेवा, त्याचा उजेड आणि त्याची सावली पाहा, आणि तेवढा वेळ दुसऱ्या कोणास देऊ नका.