शत्रूचं रडार ऐकण्याची नोकरी

तेलंगणातल्या आमच्या आदिलाबादला गेलो की एक प्रश्न हमखास येतो. "काका, तुमच्या त्या उपग्रहातून माणसाचं तोंड दिसतं का हो?" विचारणारा कधी बेल्याकडचा कापूसवाला असतो, कधी बसस्टँडजवळचा चहावाला. सिनेमात दिसतं, म्हणून विचारतात. मी सांगतो, नाही दिसत. 27 नोव्हेंबर 2019 ला सोडलेला आपला कार्टोसॅट-3 साधारण 509 किलोमीटरवरून खाली बघतो, आणि त्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे 25 सेंटीमीटर. वरून पाहिलं तर माणूस म्हणजे एक डोकं आणि दोन खांदे, म्हणजे दोन-तीन ठिपके. डोक्यावर टोपी आहे की पागोटं, तेही कळायचं नाही. ऐकणाऱ्याचा विरस होतो. मग मी म्हणतो, तसाही मी बघायच्या खात्यात नव्हतो रे, ऐकायच्या खात्यात होतो.

हे खातं म्हणजे नेमकं काय, हे घरातसुद्धा फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. हैदराबादच्या एका संरक्षण प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी झाली. फोन गेटवर जमा, वही आतच, आणि डोक्यावर 1923 चा शासकीय गोपनीयता कायदा. त्यामुळे इथे लिहितो आहे ते पुस्तकात आणि सरकारी पत्रकांत आधीच छापलेलं आहे. आत काय चालतं ते सांगणार नाही. पण डोकं कसं चालवावं लागतं, ते सांगायला हरकत नसावी.

सरकारी कागदावर आम्ही 'सायंटिस्ट'. बी पासून एच पर्यंत अक्षरांच्या पायऱ्या. नव्याने लागलेल्याला प्रशिक्षणासाठी पुण्याला गिरिनगरला पाठवत. आदिलाबादच्या मराठी माध्यमातून आलेल्या मला तिथे पहिल्यांदा माझं मराठी 'वेगळं' आहे हे कळलं. नाव सायंटिस्ट असलं तरी काम शुद्ध इंजिनिअरचं. अँटेना, केबल, रिसीव्हर, आणि त्यातून येणारा आकडा खरा किती.

आता मूळ गोष्ट. रडार गप्प बसून बघू शकत नाही. त्याला आधी ओरडावं लागतं. ते रेडिओलहरींचे छोटे छोटे पल्स सोडतं आणि विमानावर आपटून परत आलेला क्षीण आवाज पकडतं. आपण दूर कुठेतरी रिसीव्हर लावून बसलो, तर तेच पल्स आपल्यालाही ऐकू येतात. आणि यात ऐकणाऱ्याचा मोठा फायदा आहे. रडारच्या लहरीला जाऊन परत यायचं असतं. अंतर दुप्पट झालं की परतीचा आवाज सोळापट कमी होतो. ऐकणाऱ्याकडे ती एकदाच येते. अंतर दुप्पट झालं तरी चौपटच कमी होते. म्हणून रडारला विमान दिसण्याच्या कितीतरी आधी विमानाला रडार ऐकू येतं. आमच्या धंद्याचं पोट या एका गणितावर चालतं.

ऐकू आलेल्या पल्समधून पुष्कळ काही निघतं. समजा, एक रडार सेकंदाला 1000 पल्स सोडतं. दोन पल्समध्ये एक मिलिसेकंद. तेवढ्या वेळात लहर 150 किलोमीटर जाऊन परत येते. त्यापलीकडच्या विमानाचा प्रतिध्वनी पुढच्या पल्सच्या पाळीत घुसतो आणि गोंधळ होतो. म्हणजे नुसतं दोन पल्समधलं अंतर मोजलं, तरी हे रडार किती लांब बघायला बांधलं आहे याचा अंदाज येतो. आवाज दर दहा सेकंदांनी मोठा होऊन ओसरत असेल तर अँटेना गोल फिरते आहे, म्हणजे नुसती टेहळणी चालू आहे. ओसरणं थांबलं आणि आवाज एकसारखा यायला लागला, तर त्याने तुमच्यावर नजर रोखली आहे. मागोमाग क्षेपणास्त्र येऊ शकतं. या खुणा शांततेच्या काळात, वर्षानुवर्षं, जमा करायच्या असतात. त्या साठ्याला आम्ही 'लायब्ररी' म्हणतो. सुखोई-30 एमकेआय विमानात 'तरंग' नावाचं भारतीय बनावटीचं उपकरण आहे, ते वैमानिकाला रडारची सूचना देतं. अशा उपकरणाला समोरचं रडार ओळखता येतं ते लायब्ररीच्या जोरावरच. लायब्ररीत नोंद चुकीची, तर वैमानिकाला मिळणारी सूचनाही चुकीची.

पृथ्वी गोल आहे ही मात्र आमची कायमची अडचण. जमिनीवर 16 मीटरचा खांब उभारून ऐकायला बसलात, तर जमिनीलगतचं रडार जेमतेम 16 किलोमीटरपर्यंत ऐकू येईल. तोच रिसीव्हर 9000 मीटरवरच्या विमानात ठेवा, 390 किलोमीटरच्या आसपास पोचाल. म्हणून विमान लागतं, आणि म्हणून उपग्रह. बंगळुरूच्या एका संरक्षण संस्थेने एम्ब्राएर विमानावर बसवलेली 'नेत्र' यंत्रणा फेब्रुवारी 2017 मध्ये हवाई दलाकडे गेली. लोक तिच्या पाठीवरच्या रडारबद्दल बोलतात, पण ती ऐकतेही. आणि 1 एप्रिल 2019 ला पीएसएलव्ही-सी45 ने 436 किलोंचा एमिसॅट 748 किलोमीटरच्या कक्षेत सोडला. इस्रोच्या पत्रकात त्याचा उद्देश एका ओळीत होता: विद्युतचुंबकीय वर्णपटाचं मोजमाप. इतकं खरं आणि इतकं कमी सांगणारं वाक्य लिहिणाऱ्याला माझा नमस्कार.

आता जरा केबलबद्दल बोलू, कारण माझं आयुष्य केबलींनीच खाल्लं.

रडार कुठे आहे हे शोधायचं तर एक अँटेना पुरत नाही. दोन लागतात, एकमेकींपासून थोड्या अंतरावर. लहर तिरपी आली तर एका अँटेनाला ती किंचित आधी पोचते, दुसरीला किंचित नंतर. हा फरक, म्हणजे फेजमधला फरक, मोजला की दिशा कळते. तत्त्व अकरावीच्या मुलाला समजेल. गोची पुढे आहे. 10 गिगाहर्ट्झला लहरीची लांबी 3 सेंटीमीटर. दोन अँटेनांत 30 सेंटीमीटर अंतर धरा. फेजमध्ये 10 अंशांची चूक झाली तर दिशेत 0.16 अंशांची चूक होते, आणि 200 किलोमीटरवर त्याचे साडेपाचशे मीटर होतात. आणि 10 अंशांची ती चूक कशाने होते? दोन केबलींच्या लांबीत मिलिमीटरच्याही आतला फरक पडला की झाली.

केबलीच्या आत टेफ्लॉन असतं. या पदार्थाची एक खोड आहे: 19-20 अंश सेल्सिअसच्या आसपास त्याच्या स्फटिकांची रचना बदलते आणि केबलीची विद्युत लांबी एकदम सरकते. तपासणीच्या खोलीत, जिथे भिंतीभर काळ्या स्पंजचे सुळके लावलेले असतात म्हणजे लहरी परतायला नकोत, तिथे एसी चालू, तापमान ठरलेलं, आकडे सुरेख. तेच उपकरण विमानात जातं, वर उणे 40 असतं, एका बाजूची केबल इंजिनाजवळून गेलेली, दुसरी नाही. मग जमिनीवरचे सुरेख आकडे तिथे चालत नाहीत. म्हणून दोन्ही केबली एकाच गुंडाळीतून कापायच्या, जोडीने गरम-थंड करून घ्यायच्या, जोडीनेच बसवायच्या, आणि विमानात असताना मध्येमध्ये एक ओळखीचा सिग्नल दोन्हींतून पाठवून सरकलेलं माप पुन्हा जागेवर आणायचं. नव्या मुलांना हे काम कंटाळवाणं वाटतं. त्यांना अल्गोरिदम लिहायचा असतो. लिहा, पण आधी केबल मोजा.

एवढं करूनही जे हाती येतं तो नकाशावरचा बिंदू नसतो. ते एक लंबवर्तुळ असतं: रडार यात कुठेतरी आहे, शंभरात पंचाण्णव वेळा. अधिकाऱ्यांना, म्हणजे आमच्या भाषेत 'यूझर'ला, बिंदू हवा असतो. "साहेब, वर्तुळं नकोत, एक को-ऑर्डिनेट द्या." हे मी इतक्या बैठकांत ऐकलं आहे की चहा येण्याआधीच मला ते वाक्य अपेक्षित असे. त्यांचंही चूक नाही. बॉम्ब लंबवर्तुळावर टाकता येत नाही. पण वरिष्ठ इंजिनिअरला पगार मिळतो तो याच क्षणासाठी, असं माझं मत आहे. बिंदू द्यायचा मोह टाळायचा, आणि लंबवर्तुळ लहान करायला अजून किती उड्डाणं, किती वेळ लागेल, ते सांगायचं. आदिलाबादच्या मार्केट यार्डात सीसीआयची, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाची, कापूस खरेदी चालते तेव्हा 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, 12 च्या वर माल परत. तिथे ओलावा मोजायच्या यंत्रावरून जी भांडणं होतात, तशीच आमच्या बैठकीत होत. शेतकरी विचारतो, यंत्र किती खरं? प्रश्न रास्तच आहे. गुप्तवार्तेत तर त्यासाठी जुनी पद्धतच आहे: बातमी देणाऱ्याला ए ते एफ असं अक्षर, आणि बातमीला 1 ते 6 असा आकडा. स्रोत उत्तम आणि बातमी संशयास्पद, असंही लिहिता येतं. आपल्याकडच्या टीव्ही चॅनलांना ही पद्धत सक्तीची करायला हवी.

शेवटची काही वर्षं मी चित्रवाल्यांच्या शेजारी बसलो, तेही रडारच्या चित्रांच्या. मुंबईवरच्या 26/11 च्या हल्ल्यानंतर, 20 एप्रिल 2009 ला आपण रिसॅट-2 सोडला. त्यातलं रडार इस्रायली होतं. रात्री आणि ढगांतूनही ते बघू शकत असे. पुढे 22 मे 2019 ला रिसॅट-2बी आला. रडारचं चित्र फोटोसारखं वाचलं की फसगत ठरलेली. शांत पाणी काळं दिसतं, कारण लहर आरशावरून घसरल्यासारखी पलीकडे निघून जाते. पूल मात्र लखलखतो, आणि गंमत म्हणजे पैनगंगेवरचा एकच पूल दोन-तीन समांतर रेषांचा दिसू शकतो: एक थेट परत आलेली लहर, एक पाण्यावर आपटून आलेली, एक दोनदा आपटून. नवखा माणूस लिहील, तीन पूल. पाऊस पडून गेला की शेतं उजळतात, कारण ओली माती लहर जास्त परतवते.

त्याहून मोठी गंमत रेल्वेची. उपग्रह 600 किलोमीटर अंतरावरून, सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने जाताना चित्र घेतो. किनवटहून आदिलाबादकडे येणारी गाडी त्याच्या दिशेने सेकंदाला 10 मीटर सरकत असेल, तर चित्रात ती रुळावर दिसतच नाही. 800 मीटर बाजूला, कुणाच्यातरी कपाशीत चाललेली दिसते. रूळ आपल्या जागी, गाडी शेतात. चित्र बिघडलेलं नसतं. हलणाऱ्या वस्तूची जागा ठरवताना रडार तिच्या वेगाने फसतं. आणि मग हुशार माणूस उलटं गणित करतो: किती मीटर सरकली, त्यावरून गाडीचा वेग काढतो. रिकाम्या रस्त्याशेजारच्या माळावर ठिपक्यांची रांग दिसली, तर तो ताफा आहे आणि तो हलतो आहे.

या विद्येचा मला सर्वांत आवडणारा प्रसंग मात्र उपग्रहाच्या कितीतरी आधीचा आहे. फेब्रुवारी 1942. फ्रान्सच्या किनाऱ्यावर ब्रूनेव्हालला जर्मनांचं वुर्झबर्ग नावाचं रडार होतं. ब्रिटिशांनी त्याचे फोटो काढले, लहरी ऐकल्या, तरी आत काय आहे ते कळेना. तेव्हा छत्रीधारी सैनिकांबरोबर त्यांनी एक रडार मेकॅनिक पाठवला, फ्लाइट सार्जंट चार्ल्स कॉक्स. गोळ्या चालू असताना त्याने रडारचे भाग सोडवून, उपटून बोटीत आणले. मागे शास्त्रज्ञ आर. व्ही. जोन्स होते, कुठले भाग आणायचे ते त्यांनी सांगून ठेवलं होतं. सैनिकांत एक पान्हा चालवणारा माणूस हवा, हे ज्याला सुचलं त्याला या धंद्याची खरी जाण होती.

आमच्या गावाला विमानाचं वेड जुनं. निझामाच्या वेळची धावपट्टी, हवाई दलाच्या ताब्यातली जमीन, दर निवडणुकीत होणारं विमानतळाचं आश्वासन. 2025 मध्ये हवाई दलाने नागरी विमानांना परवानगी दिल्याची बातमी आली तेव्हा मला गावाकडून फोन येत राहिले, जणू सही मीच केली होती. त्याहून मोठी बातमी त्याआधीची होती, पण तिच्यावर कुणी फोन केला नाही: ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्राने टेहळणीच्या 52 उपग्रहांना मंजुरी दिली, त्यातले 31 खासगी कंपन्या बांधणार. एवढे उपग्रह रोज जे ऐकतील आणि बघतील, ते चाळायला संगणक आहेत. पण कपाशीतली ती गाडी खरी कुठे आहे, याखाली सही करणारी माणसं लागतील, आणि ती माणसं आज नववी-दहावीत आहेत.

मागे बेला मंडळातल्या एका मराठी शाळेत बोलायला गेलो होतो. एका मुलीने विचारलं, "सर, मराठी मीडियमवाल्यांना घेतात का?" मी सांगितलं, इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घे, गेटची परीक्षा दे, आणि त्रिकोणमितीचा धडा ऑप्शनला टाकू नको. निवड गेटचे गुण आणि मुलाखत यांवर होते. मुलाखतीत माध्यम कुणी विचारत नाही. फेज म्हणजे काय, ते विचारतात, आणि हातात खडू देऊन फळ्यावर काढायला लावतात.