मुलाची आव हटत नसेल तर...

पावसाळा लागला की आपल्या भागात लहान मुलांना आव होते व बहुतेक मुले आठवड्याभरात बरी होतात. पण एखाद्या मुलाच्या शौचातून महिनोन्महिने रक्त पडते, वजन वाढत नाही, औषधाने तेवढ्यापुरताच उतार पडतो. अशा वेळी मी पालकांना दोन प्रश्न विचारतो. मुलाला वारंवार गळवे होतात काय? बी.सी.जी.ची लस दिल्यावर डाव्या काखेत गाठ येऊन वाहत होती काय? एकेकटे लक्षण निरोगी मुलातही दिसते. परंतु सारी एकत्र आली, तर ‘क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज’ या दुर्मिळ आनुवंशिक रोगाची शंका घ्यावी.

रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात आणि प्राणवायूपासून बनवलेल्या जहाल रसायनांनी मारतात. या मुलांच्या पेशी जंतू गिळतात, पण ती रसायने बनवू शकत नाहीत. दाह आवरण्याची यंत्रणाही बिघडते. त्यामुळे सुमारे एकतृतीयांश ते निम्म्या रुग्णांच्या आतड्याला सूज व व्रण येतात. हे चित्र क्षयासारखे किंवा ‘क्रोन्स’ या आतड्याच्या रोगासारखे दिसते.

खरा धोका येथेच आहे. क्रोन्ससाठी देतात ती इन्फ्लिक्सिमॅबसारखी औषधे प्रतिकारशक्ती दाबतात. त्यानंतर अशा रुग्णांत जीवघेणा जंतुसंसर्ग झालेला आहे. म्हणून आधी रक्ताची ‘डी.एच.आर.’ तपासणी करावी. मुंबईत के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीत ती होते. आपल्या बालरोगतज्ज्ञांमार्फत किंवा नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयामार्फत चौकशी करावी.

हा रोग बहुधा मुलग्यांना होतो व सदोष जनुक आईकडून येते. यात आईचा काहीही अपराध नाही. दुसऱ्या प्रकारात ते दोघांकडून येते. नात्यातील लग्नात ही शक्यता वाढते.

जंतू व बुरशी रोखण्यासाठी को-ट्रायमोक्झॅझोल आणि इट्राकोनॅझोल रोज द्यावे लागते. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने रोग मुळातून बरा होऊ शकतो. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मिळ रोग धोरणात हा रोग आहे. २०२२ पासून के.ई.एम.सारख्या नेमलेल्या केंद्रांत ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते.

पालकांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. निदान झालेल्या मुलाला कुजलेली तणस, पालापाचोळा व शेणखताच्या खड्ड्यापासून दूर ठेवावे. तेथील बुरशी फुप्फुसात शिरते. आणि घरात पुढचे मूल जन्मले, तर तपासणी होईपर्यंत बी.सी.जी. थांबवावी, हे डॉक्टरांना आधीच सांगावे.