तालाच्या खेळातील पातळ्या



पावसाळ्यात आपल्या या टापूत एका आकड्याकडे सर्वांचे डोळे लागलेले असतात. बारवी धरणाची पातळी ७२.६० मीटरवर गेली की धरण भरले असे म्हणावयाचे. धरण १९७२ साली झाले, पुढे त्याची उंची वाढविली, तशी भरल्याची खूणही वर सरकली. परंतु मीटर मात्र तेव्हाही तोच होता आणि आजही तोच आहे. पाण्याची पातळी एका आकड्यात सांगता येते, कारण ते पाणी कोण पाहतो आहे यावर ती अवलंबून नसते. आज मी ज्या पातळीविषयी बोलणार आहे तिचे तसे नाही. ती खेळाची पातळी आहे, आणि खेळणारा बदलला की तीही बदलल्यासारखी वाटते.

बदलापुरास राहणारा माझा भाचा ‘ओसू’ नावाचा एक खेळ संगणकावर खेळतो. ऑस्ट्रेलियातील डीन हर्बर्ट याने २००७ साली तो प्रसिद्ध केला. पडद्यावर एक वर्तुळ उमटते, त्याच्याभोवतीचे मोठे कडे आकसत येते, आणि कडे वर्तुळाला टेकले की नेमक्या त्या क्षणी ठोका द्यावयाचा. कोठे एखादी पट्टी असते, तिच्यावरून बोट किंवा माउस सरकवीत न्यावा लागतो. कोठे चक्र असते, ते गरगर फिरवावयाचे. मागे गाणे चाललेले असते आणि हे सारे त्याच्या तालावर. नवल ते पुढेच आहे. कोणत्या गाण्यात वर्तुळे कोठे आणि कोणत्या मात्रेला ठेवावयाची हे कंपनी ठरवीत नाही, खेळणारेच ठरवितात. हौसेने, बिनमोल, रात्री जागून. आपल्याकडे गणेशोत्सवातील ढोलपथके जशी चालतात तसाच हा प्रकार.

आता हौशी माणसाचा एक स्वभाव आपण सारे जाणतो. ज्याचा हात तयार झाला आहे त्याला अवघड तेच गोड लागते. त्याला स्वैर सोडले तर तो आपल्यासारख्याच तयार माणसांसाठी रचना करील, आणि काल खेळावयास बसलेल्या पोरासाठी काहीच उरणार नाही. म्हणून तेथे नियम झाले. सोपी, साधारण, अवघड, त्याहून बिकट आणि शेवटी तज्ज्ञांची, अशा पातळ्या ठरल्या. संगीतात आपल्याला हे नवे नाही. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांत प्रारंभिकपासून विशारदापर्यंत पायऱ्या आहेतच. जपानात नामको कंपनीने २००१ साली ‘तायको नो तात्सुजिन’ हा ढोल बडविण्याचा खेळ आणला, त्यातही साध्यापासून चढत जाऊन शेवटच्या पातळीला ‘ओनी’, म्हणजे राक्षस, असे नाव दिले आहे. नाव मला फार आवडले.

ओसूतील नियमांचा पाया मात्रा हाच आहे. मिनिटाला सुमारे १८० मात्रा ही लय धरून नियम लिहिलेले आहेत. म्हणजे सेकंदाला तीन मात्रा. सोप्या पातळीत बहुतेक ठोके एका मात्रेला एक, किंवा दोन मात्रांना मिळून एक. साधारण पातळीत मधून मधून अर्धी मात्रा. अवघड पातळीची चालच अर्ध्या मात्रेची, आणि क्वचित पाव मात्रा. त्याच्यावर पाव मात्रांच्या लडीच्या लडी. तेथे दोन ठोक्यांत सेकंदाचा बारावा हिस्सा उरतो. तबलजी याला बराबर, दुगुन, चौगुन म्हणेल. परंतु विलंबित लयीतील दुगुन आणि द्रुत लयीतील दुगुन यांत जमीनअस्मानाचे अंतर असते. मिनिटाला ९० मात्रांच्या गाण्यात अर्ध्या मात्रेचे ठोके जेवढ्या वेळाने पडतात, तेवढ्याच वेळाने १८० च्या गाण्यात पूर्ण मात्रेचे पडतात. म्हणून गाणे संथ असेल तर नियम सैल करावयाचा, जलद असेल तर आवळावयाचा, अशी तरतूद तेथेच केलेली आहे.

आपण विचाराल, हे सारे यंत्राकडूनच का मोजून घेऊ नये? तसे मोजतातही. प्रत्येक रचनेला यंत्र तारे देते. दोनच्या आत ती सोपी, चारच्या पुढे बिकट, साडेसहाच्या पुढे तज्ज्ञांतील तज्ज्ञांची. ठोक्यांतील अंतर किती आणि हाताला किती वेगाने धावावे लागते, यांवर मुख्यतः हे गणित चालते. पण हे गणितही वेळोवेळी सुधारले जाते, आणि मग रचनेत एक टिंबही न हलविता तिचे तारे बदलतात. धरणाची खूण सरकली तरी मीटर तोच राहिला. येथे मीटरच बदलतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. नवशिका कानाने कमी आणि डोळ्याने अधिक खेळतो. दोन वर्तुळे जवळ दिसली तर पुढचा ठोका लवकर आहे, दूर दिसली तर उशिरा आहे, असा तो अंदाज बांधतो. म्हणून सोप्या पातळीत वर्तुळांतील अंतर वेळेच्या प्रमाणात असावे असे सांगितले आहे. समजा, कोणी हे प्रमाण मोडून दूरची वर्तुळे जवळ आणली. हाताचे श्रम कमी झाले, त्यामुळे यंत्र म्हणेल की रचना आणखी सोपी झाली. आणि पोर मात्र नेमके तेथेच फसेल.

या नियमांचे दोन वर्ग केलेले आहेत. काही नियम मोडताच येत नाहीत. काही केवळ मार्गदर्शनपर आहेत, सबळ कारण असेल तर ते बाजूला ठेवता येतात. ही वाटणी मला शहाणपणाची वाटते. सारेच सक्तीचे केले असते तर सगळ्या रचना एका साच्यातून काढल्यासारख्या झाल्या असत्या.

छोट्या गाण्याला नवशिक्यांची पातळी असलीच पाहिजे, आणि मधली पायरी गाळता येत नाही, हा नियम सक्तीचा आहे. मात्र गाणे पाच मिनिटांचे किंवा त्याहून लांब असेल तर एकच अवघड पातळी चालते, कारण एवढ्या लांब गाण्याच्या चार-पाच रचना करणे म्हणजे महिन्यांचे काम. सवलत दिली की पळवाट आलीच! काही मंडळी गाणेच ताणून लांब करू लागली. मग गाणे कृत्रिमपणे लांबवू नये, असाही नियम करावा लागला. आपल्या नगरपालिकांच्या कारभाराशी परिचय असणाऱ्यांना याचे आश्चर्य वाटू नये. सरळ मार्गही आहे: सोपी पातळी एखाद्या स्नेह्याकडून करवून घ्यावी व त्याचे नाव द्यावे. पुष्कळजण तसेच करतात.

रचना पुरी झाली की दोन परीक्षकांनी तिला मान्यता द्यावी लागते. मग सात दिवस ती सर्वांपुढे राहते. त्या अवधीत दोष आढळला तर मान्यता रद्द होऊन ती परत येते.

भाच्याने एका गाण्याची अवघड रचना चार दिवसांत उरकली होती. सोपी करावयास तीन आठवडे गेले आणि तो चिडला होता. “मामा, ही कोण खेळणार? सगळे वरचीच खेळतात,” असे म्हणाला. मी म्हटले, “मी खेळतो.” माझे वय साठीपुढचे. लहानपणी तबला शिकावयास गेलो होतो. ठेका हातात बसण्यापूर्वीच गुरुजींनी चौगुन मागितली, आणि मी दोन महिन्यांत घरी बसलो. त्यानंतर तालाशी माझा संबंध टाळ्या वाजविण्यापुरताच उरला आहे.

खेळलो. पहिला अर्धा भाग बरा गेला. मग चक्र आले, ते मी मोठ्या निष्ठेने फिरविले, आणि पुढचे वर्तुळ मला दिसलेच नाही. ते पडद्याच्या कोपऱ्यात दोनच मात्रांनी उमटले होते. पुन्हा खेळलो, पुन्हा तेथेच चुकलो. तिसऱ्यांदाही. मी ओशाळून माउस खाली ठेवला.

“थांबा मामा,” तो म्हणाला, “तुम्ही चुकत नाही आहात. तिथं चार मात्रा मोकळ्या सोडायच्या असतात. सोप्या पातळीचा नियमच आहे तो. माझ्याच लक्षात राहिला नाही.” चार मात्रा म्हणजे सव्वा सेकंदाहून थोडा अधिक वेळ. त्याच्या हाताला तो कधी लागतच नव्हता, म्हणून त्याच्या ध्यानात आला नव्हता.

त्याने वर्तुळ पुढे सरकविले, आणि मला पुन्हा खुर्चीवर बसविले.