यकृतात सरळ रेषा नसतात

एमबीबीएसच्या पहिल्याच वर्षी यकृताचे आठ भाग पाठ करावे लागतात. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने एक ते आठ आकडे टाकलेली, सरळ उभ्या-आडव्या रेषांनी विभागलेली ती आकृती परीक्षेत नीट काढली की मार्क मिळतात. अडचण एवढीच, की खऱ्या यकृतावर या रेषा कुठेच नसतात. पोट उघडल्यावर सर्जनला दिसतो तो सव्वा-दीड किलोचा, गुळगुळीत, तांबूस-तपकिरी गोळा. त्यातून मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त वाहत असतं आणि सुरी कुठून फिरवायची हे वरून काही कळत नाही.

वरून दिसणारी एक खूण आहे, पण ती फसवी. यकृताला पुढच्या बाजूने पोटाच्या भिंतीशी बांधणारा एक पातळ पडदा असतो. उजवं आणि डावं यकृत तिथेच वेगळं होतं, असं शतकानुशतकं मानलं गेलं. हाँगकाँगमध्ये काम करणारे स्कॉटिश डॉक्टर जेम्स कँटली यांना एका शवविच्छेदनात उजवी बाजू आक्रसलेली आणि डावी बाजू भरपाई म्हणून फुगलेली आढळली. दोन्हींमधली सीमा त्या पडद्यापाशी नव्हती, ती बरीच उजवीकडे, पित्ताशयापासून मागच्या महाशिरेकडे जात होती. कँटलींनी 1897 मध्ये हे मांडलं. (चीनचे नेते सन यत-सेन हे याच कँटलींचे विद्यार्थी.) पुढे 1930 च्या दशकात हनोईत तोन थात तुंग यांनी दोनशेच्या आसपास यकृतं हाताने सोलून आतल्या नळ्या उघड्या केल्या. पॅरिसच्या क्लोद क्विनो यांनी रक्तवाहिन्यांमध्ये प्लास्टिक भरलं, बाकीचं मांस आम्लात विरघळवलं आणि उरलेले रंगीत साचे अभ्यासले. 1957 च्या त्यांच्या ग्रंथातले आठ भाग आज जगभरचे सर्जन ‘सेगमेंट’ म्हणून ओळखतात.

या विभागणीमागचं तत्त्व मात्र पक्कं आहे. यकृताला लागणाऱ्या रक्तातलं सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून येतं, उरलेलं धमनीतून. पोर्टल शीर, धमनी आणि पित्तनलिका या तिघी एकाच वेष्टनातून आत शिरतात आणि फाटे फुटत जातात. रक्त बाहेर नेणाऱ्या हिपॅटिक शिरा यांच्याबरोबर जात नाहीत. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत, तशा त्या मधल्या जागांतून जातात. म्हणून एका सेगमेंटचा फाटा बांधला तर फक्त तेवढाच भाग काढता येतो आणि शेजारचा जिवंत राहतो. यकृताचा कॅन्सर बहुधा पोर्टल फाट्यांमधूनच आजूबाजूला पसरतो, त्यामुळे नुसती गाठ कोरून काढण्यापेक्षा तिच्या फाट्याचा सगळा प्रदेश काढणं बऱ्याचदा शहाणपणाचं ठरतं.

पण हा ‘प्रदेश’ प्रत्येकाचा सारखा असतो का? जिनिव्हाचे शरीररचनातज्ज्ञ जाँ फाझेल आणि ब्रेमेनचे गणितज्ञ हाइन्झ-ओटो पाइटगेन यांच्या गटाने प्लास्टिकचे साचे वापरून हे तपासलं. (पाइटगेन म्हणजे फ्रॅक्टल्सच्या रंगीत चित्रांमुळे गाजलेले तेच.) सीटी स्कॅनवर पुस्तकी सरळ रेषांनी आखलेले सेगमेंट आणि पोर्टल फाट्यांचे खरे प्रदेश यांचा मेळ फारसा बसत नाही, हा निष्कर्ष त्यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केला. खऱ्या सीमा वळणावळणाच्या असतात, एकमेकींत घुसतात आणि माणसागणिक बदलतात. माझ्या मते यकृताच्या संगणकीय चित्रणाची खरी सुरुवात इथे झाली, कारण आता काम केवळ सुंदर त्रिमिती चित्र काढण्याचं राहिलं नव्हतं, या एका माणसाच्या यकृताची विभागणी शोधण्याचं होतं.

ती शोधतात कशी? स्कॅनच्या टेबलावर हातातल्या शिरेतून आयोडीनयुक्त औषध पंपाने वेगात सोडलं जातं. ‘श्वास घ्या, रोखा’ असं म्हणून अर्ध्या मिनिटाच्या आसपास पहिली फेरी होते, तेव्हा धमन्या उजळतात. सत्तर सेकंदांच्या सुमारास दुसरी फेरी होते, त्यात पोर्टल आणि हिपॅटिक शिरा पांढऱ्या दिसतात. मिलिमीटरभर जाडीच्या शेकडो चकत्या हाती येतात आणि त्यातल्या प्रत्येक ठिपक्याला घनतेचा एक आकडा असतो. पोर्टल शिरेच्या बुंध्यावर एक क्लिक केलं, की सॉफ्टवेअर तिथून शेजारचे तितकेच उजळ ठिपके जोडत टोकापर्यंत जातं. मग शिरेच्या मधोमध जाणारी रेषा काढून फाटे मोजले जातात. शेवटी यकृताचा प्रत्येक ठिपका आपल्या सर्वांत जवळच्या फाट्याच्या नावावर लावला जातो. हा नियम वाटतो तितका भाबडा नाही, साच्यांशी ताडून पाहिल्यावर तो पुस्तकी रेषांपेक्षा उजवा ठरला.

जिवंत दात्याकडून यकृत घेताना या साऱ्याचा कस लागतो आणि आपल्या देशातली बहुसंख्य प्रत्यारोपणं अशीच होतात. समजा, 70 किलोच्या वडिलांना मुलगी यकृत देते आहे. रुग्णाच्या वजनाच्या किमान 0.8 टक्के यकृत मिळावं असा ढोबळ नियम, म्हणजे 560 ग्रॅम. मुलीचं यकृत 1200 मिलिलिटर भरलं आणि त्यातली उजवी बाजू 780 असली, तर वडिलांचं भागतं. मुलीकडे 420, म्हणजे 35 टक्के उरतं. दात्याकडे निदान 30 टक्के तरी राहिलं पाहिजे, तेव्हा हेही बसतं. पण 780 ऐवजी 860 निघाले, तर उजवी बाजू घेणं धोक्याचं. शिवाय जिवंत शरीरात यकृत रक्ताने भरलेलं असतं, त्यामुळे संगणकाचं माप प्रत्यक्ष वजनापेक्षा सहसा थोडं जास्त येतं, हे धरून चालावं लागतं.

आकडे जुळले तरी मधल्या हिपॅटिक शिरेचा प्रश्न राहतोच. ती दात्याकडे ठेवली, तर घेतलेल्या उजव्या बाजूच्या पाचव्या आणि आठव्या सेगमेंटमधलं रक्त बाहेर पडायला वाट उरत नाही आणि तेवढा भाग तुंबून निकामी होऊ शकतो. हा भाग किती, 50 मिलिलिटर की 250, ते संगणक आधीच रंगवून दाखवतो. त्यावरून तिथल्या शिरांना नवी जोडणी द्यायची की नाही हे ठरतं. पूर्वी असा निर्णय बराचसा टेबलावरच घ्यावा लागे.

हाताने सीमा आखण्याचं किचकट काम अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्ता करते. 2017 च्या एका खुल्या स्पर्धेसाठी 201 सीटी स्कॅन उपलब्ध करून दिले गेले आणि तेव्हापासून जगभरचे गट आपापल्या पद्धती त्यांवर पारखत आले आहेत. निरोगी यकृत ओळखण्यात यंत्र आता तरबेज आहे. पण यकृताला खेटलेलं जठर किंवा हृदयाचा खालचा काठ ते कधीकधी यकृतातच मोजतं आणि कॅन्सरने पोर्टल शीर बुजली असेल, तर पुढचे फाटे त्याला दिसतच नाहीत. ज्या रुग्णाला नेमकी जास्त गरज, तिथेच चूक होण्याची शक्यता जास्त. त्यामुळे शेवटची नजर रेडिओलॉजिस्टचीच हवी.

दुसरी मर्यादा यंत्राची नाही, अवयवाची आहे. यकृत मऊ असतं. सीटी श्वास रोखून, उताणं झोपवून काढलेली असते आणि ऑपरेशनमध्ये बंध सोडवून यकृत वळवलं की त्याचा आकार पार बदलतो. म्हणून पडद्यावरचं चित्र समोरच्या अवयवावर जसंच्या तसं बसवणं अजून साधलेलं नाही. सर्जन मग थेट यकृतावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून शिरा शोधतात. इंडोसायनिन ग्रीन हा रंगही मदतीला येतो. ज्या भागाचा फाटा बांधला तो सोडून बाकीचं यकृत अवरक्त कॅमेऱ्याखाली चमकतं आणि पुस्तकात सरळ दाखवलेली सीमा वाकडीतिकडी, पण स्पष्ट दिसते.

तुमच्या घरात कोणी यकृतदानाचा विचार करत असेल, तर तपासण्या झाल्यावर ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ एवढ्यावर उठू नका. ते त्रिमिती चित्र दाखवायला सांगा. दात्याकडे किती टक्के यकृत उरणार, मधली शीर कोणाकडे राहणार आणि पित्तनलिका किती तोंडांनी निघते, हे विचारा. पित्तनलिका सीटीत नीट दिसत नाहीत, त्यासाठी एमआरआय वेगळा करतात, तोही झाला आहे ना ते बघा. दात्याला हे विचारण्याचा पूर्ण हक्क आहे.