जुन्या अ‍ॅम्पचा पॉवर ट्रान्सफॉर्मर: जळाला की जळाल्यासारखा वाटला?

फेंडर कंपनीचा १९६५ सालचा डिलक्स रिव्हर्ब हा व्हॉल्व्हचा गिटार अ‍ॅम्प चालू करताच फ्यूज उडाला, की लगेच निदान होतं: पॉवर ट्रान्सफॉर्मर गेला. अनेकदा तो धडधाकट असतो. रेक्टिफायरचा जीझेड३४ आतून शॉर्ट झालेला असतो, ६व्ही६ या दोन आउटपुट व्हॉल्व्हपैकी एक बिघडलेला असतो, किंवा साठ वर्षं जुने फिल्टर कपॅसिटर निकामी झालेले असतात.

म्हणून खर्चात पडण्याआधी खात्री करून घ्यावी. सगळे व्हॉल्व्ह काढायचे, ट्रान्सफॉर्मरच्या आउटपुट बाजूच्या तारा सर्किटपासून सोडवून प्रत्येकीचं टोक वेगळं टेप लावून बंद करायचं आणि मग अ‍ॅम्पला सिरीज बल्बमधून वीज द्यायची. बल्ब फिलामेंटचाच हवा, एलईडी इथे उपयोगाचा नाही. बल्ब क्षणभर चमकून मंदावला तर वाइंडिंग बहुधा ठीक आहे. पूर्ण प्रकाशात जळत राहिला तर आतले वेढे शॉर्ट झाले आहेत, आणि जळक्या वॉर्निशचा उग्र वासही तेच सांगतो. नुसत्या गरम लागण्यावरून मात्र निष्कर्ष काढू नये. हे ट्रान्सफॉर्मर नेहमीच तापतात.

सर्वांत चिवट गैरसमज आवाजाचा आहे. मूळ ट्रान्सफॉर्मर गेला म्हणजे अ‍ॅम्पचा 'टोन' गेला, असं मानलं जातं. वास्तविक गिटारचा सिग्नल पॉवर ट्रान्सफॉर्मरमधून जातच नाही. तो जातो आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून, आणि तो शाबूत असेल तर त्याला हात लावायचं कारण नाही. पॉवर ट्रान्सफॉर्मर ठरवतो व्होल्टेज, आणि जोरात वाजवल्यावर ते किती खाली बसतं हेही. डिलक्स रिव्हर्बच्या एबी७६३ सर्किटच्या नकाशावर हाय व्होल्टेज वाइंडिंगच्या दोन्ही बाजूंना ३३० व्होल्ट एसी आणि रेक्टिफायरनंतर ४१५ व्होल्ट डीसी असे आकडे छापलेले आहेत. नव्या ट्रान्सफॉर्मरने लोड असताना हे आकडे दिले, की बोटाखालचा प्रतिसादही जवळपास तोच राहतो.

'जास्त व्होल्टेज म्हणजे जास्त दम' हे तर घातकच. ४१५ व्होल्टवर ६व्ही६ आधीच ताणलेला असतो. शिवाय तो नकाशा ११७ व्होल्टच्या घरगुती विजेसाठी काढलेला आहे. आज अमेरिकेत प्लगमध्ये १२४ व्होल्ट मिळाले, तर जुन्या ट्रान्सफॉर्मरचं प्रत्येक व्होल्टेज सहा टक्क्यांनी चढतं आणि व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या हीटरला ६.३ ऐवजी सुमारे ६.७ व्होल्ट जातात. आजच्या पुरवठ्याला साजेसा नवा ट्रान्सफॉर्मर व्हॉल्व्हना उलट सुखाचा ठरतो. तरीही बदलल्यावर आउटपुट व्हॉल्व्हचा बायस नव्याने मोजायलाच हवा.

करंटचा हिशेब मात्र वेगळा. हीटरसाठी सहा छोटे व्हॉल्व्ह प्रत्येकी ०.३ अ‍ॅम्पिअर आणि दोन ६व्ही६ प्रत्येकी ०.४५ अ‍ॅम्पिअर घेतात. म्हणजे एकूण २.७ अ‍ॅम्पिअर, वर पायलट दिव्याचा वेगळा. हीटरच्या वाइंडिंगची क्षमता याहून कमी नको. जास्त असली तर बिघडत नाही, फक्त ट्रान्सफॉर्मर चेसिसच्या खाचेत बसला पाहिजे.

तारांचे रंग पाहून जोडणी करणंही धोक्याचं. फेंडरमध्ये प्राथमिक बाजू काळी, हाय व्होल्टेज लाल, हीटर हिरवा आणि रेक्टिफायर पिवळा असतो, पण जुन्या ब्रिटिश अ‍ॅम्पमध्ये हा संकेत गृहीत धरता येत नाही. नव्या ट्रान्सफॉर्मरसोबतचा तक्ता वाचावा, मग मल्टिमीटरने पडताळावं.

भारतातल्या वादकांसाठी आणखी एक मुद्दा आहे. १२० व्होल्टचा अमेरिकी अ‍ॅम्प स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालतो खरा, पण स्टेप-डाउन फक्त व्होल्टेज उतरवतो, फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच राहते. केवळ ६० हर्ट्झसाठी बनलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात त्यामुळे चुंबकीय फ्लक्स वीस टक्क्यांनी वाढतो आणि तो अधिक तापतो. बदलायचाच असेल तर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा घ्यावा.

प्लग काढला म्हणजे धोका टळला, हा समज तर जिवावर बेतू शकतो. फिल्टर कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात. ते रेझिस्टरमधून उतरवून, मीटरवर शून्याजवळ आल्याचं पाहूनच हात घालावा. याचा सराव नसेल तर काम जाणकार तंत्रज्ञाकडे द्यावं.

आणि काढलेला ट्रान्सफॉर्मर भंगारात टाकू नये. त्यावर ६०६ ने सुरू होणारा आकडा असेल तर तो शूमाकर कंपनीचा आहे, आणि पुढचे आकडे निर्मितीचं वर्ष व आठवडा सांगतात. अ‍ॅम्प विकताना तो सोबत द्यावा.