ट्यूनर कार्ड आणि कोसळणारा सर्व्हर

अँटेना, केबल किंवा डिशकडून आलेला सिग्नल पकडून त्यातले चित्र आणि ध्वनी संगणकाच्या हवाली करणे हे टीव्ही ट्यूनर कार्डाचे काम. लिनक्सवर चालणाऱ्या घरगुती सर्व्हरमध्ये असे कार्ड बसवण्याची हौस जुनी आहे. मिथटीव्ही हा टीव्ही-कार्यक्रम रेकॉर्ड करण्याचा मुक्त प्रकल्प 2002 पासून चालू आहे. व्हीडीआर आणि टीव्हीहेडएंड ही त्याच जातीची इतर सॉफ्टवेअर. ठरल्या वेळी कार्यक्रम आपोआप रेकॉर्ड व्हावा आणि घरातल्या कुठल्याही पडद्यावर पाहता यावा, एवढीच अपेक्षा असते. पण तोच सर्व्हर घरचे फोटो, हिशेब आणि बॅकअपही सांभाळत असतो. रात्री रेकॉर्डिंग सुरू होताच तो गोठला, तर नुकसान मालिकेच्या एका भागावर भागत नाही.

साधा प्रोग्राम बिघडला की लिनक्सचा कर्नल त्याला बंद करतो आणि बाकीचे व्यवहार चालू राहतात. ट्यूनर कार्डाच्या बाबतीत हे संरक्षण तोकडे पडते. कार्ड चालवणारा ड्रायव्हर कर्नलच्या आतच चालतो, त्यामुळे त्याची चूक ही कर्नलची चूक ठरते. त्याहून मोठे कारण डीएमए हे आहे. डीएमए म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता कार्डाने थेट मुख्य मेमरीत लिहिणे.

ही मुभा का द्यावी लागते, ते आकड्यांवरून कळते. भारतात वापरल्या जाणाऱ्या पाल पद्धतीच्या चित्राची चौकट 720 गुणिले 576 बिंदूंची असते. बिंदूमागे 2 बाइट आणि सेकंदाला 25 चौकटी धरल्या, तर सेकंदाला सुमारे 2 कोटी 7 लाख बाइट वाहून न्यावे लागतात. जुन्या 32 बिटी, 33 मेगाहर्ट्झच्या पीसीआय बसची कागदोपत्री कमाल क्षमता सेकंदाला 13 कोटी 30 लाख बाइटच्या आसपास, आणि तीही डिस्क, नेटवर्क यांच्यासह सगळ्यांत वाटून. एवढे ओझे प्रोसेसरने वाहायचे ठरवले तर दुसरे काम होणार नाही. म्हणून बीटी878 सारख्या चिपमध्ये एक छोटे यंत्रच बसवलेले असते. ड्रायव्हर मेमरीत सूचनांची यादी लिहून ठेवतो, चिप ती वाचते आणि चित्राची कुठली ओळ कुठल्या पत्त्यावर टाकायची हे त्यावरून ठरवते.

गोम इथेच आहे. ड्रायव्हरने बफर म्हणून घेतलेली जागा परत केली, पण कार्ड अजून तिथे लिहीतच राहिले, तर? ती जागा तोवर फाइल सिस्टिमला किंवा नेटवर्कला दिलेली असू शकते. चित्राचे तुकडे तिथे जाऊन पडतात आणि काही वेळाने त्या दुसऱ्याच भागाचा बोजवारा उडतो. त्रुटीच्या संदेशात मग डिस्कच्या ड्रायव्हरचे नाव येते आणि खरा गुन्हेगार नामानिराळा राहतो. एकाच सर्व्हरवर दर वेळी वेगळ्याच ठिकाणी अपघात होत असेल, तर संशय आधी मेमरीच्या चिपांवर आणि लगेच डीएमए करणाऱ्या कार्डांवर घ्यावा. मेमरीची शंका मेमटेस्ट86+ रात्रभर चालवून बऱ्यापैकी फिटते, आणि ते काम पहिल्यांदा उरकलेले बरे.

सर्व्हर ‘क्रॅश झाला’ या दोन शब्दांत निरनिराळ्या घटना दडलेल्या असतात. ‘ऊप्स’ झाला तर कर्नल चूक नोंदवतो आणि बहुधा लंगडत का होईना पुढे चालतो. ‘पॅनिक’ झाला तर तो स्वतःहून थांबतो. ‘सॉफ्ट लॉकअप’चा इशारा आला, तर प्रोसेसरचा एक गाभा कर्नलमधल्या एकाच कामात 20 सेकंदांहून अधिक काळ अडकलेला असतो. आणि चौथा प्रकार सर्वांत वाईट: काहीच संदेश नाही, कीबोर्ड मृत, पडदा जिथल्या तिथे. पहिल्या तिन्हींत कर्नल काहीतरी बोलतो; बहुतेक वेळा ते ऐकणारे कोणी नसते. कारण कोसळताना शेवटच्या ओळी डिस्कवर लिहिल्याच जात नाहीत. रीबूटनंतर लॉग उघडला, तर अपघाताच्या आधीच्या मिनिटापर्यंत सगळे आलबेल दिसते आणि त्यावरून ‘लॉगमध्ये काही नाही’ असा चुकीचा निष्कर्ष काढला जातो.

त्यामुळे पहिले खरे काम म्हणजे हे शेवटचे शब्द पकडण्याची सोय. जर्नल, म्हणजे यंत्रणेचा लॉग, कायमस्वरूपी डिस्कवर राहील अशी व्यवस्था केली, तर जर्नलसीटीएल या आज्ञेने मागच्या बूटचे संदेश पाहता येतात. ऊप्ससाठी हे बहुधा पुरते. पॅनिकसाठी नेटकन्सोल अधिक उपयोगी. हे कर्नलचेच मॉड्यूल संदेश लिहिले जाताक्षणी नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकाकडे धाडते, डिस्कची वाट पाहत नाही. मदरबोर्डवर सीरियल पोर्ट असेल तर त्यावरचा कन्सोल आजही सर्वांत भरवशाचा. केडम्प हा आणखी पुढचा उपाय: पॅनिकनंतर राखीव मेमरीतला दुसरा कर्नल सुरू होतो आणि मेलेल्या कर्नलची मेमरी फाइलमध्ये उतरवून घेतो. गोठलेल्या यंत्रावर आल्ट आणि सिसआरक्यू दाबून एस, यू, बी या कळा क्रमाने दाबल्या, तर डिस्कवरचा मजकूर शाबूत ठेवून रीबूट करता येते. मात्र अनेक वितरणांत ही सोय मुळात मर्यादित ठेवलेली असते, ती आधी खुली करावी लागू शकते. या कळांना प्रतिसाद मिळाला, तर कर्नलचा निदान काही भाग जिवंत आहे एवढे तरी कळते.

यानंतर कार्डावर आरोप सिद्ध करायचा. ड्रायव्हरचे मॉड्यूल ब्लॅकलिस्ट करून सर्व्हरवर नेहमीइतकाच ताण ठेवावा. तो आता टिकत असेल तर दोष कार्ड चालवण्यात आहे. तरीही कोसळत असेल तर कार्ड स्लॉटमधून काढूनच पाहावे, कारण ड्रायव्हर नसला तरी कार्ड वीज घेत राहते आणि बसवर हजर असते. या टप्प्यावर एका वेळी एकच बदल करायचा, हे पथ्य कंटाळवाणे आहे. पण कर्नल, स्लॉट आणि पॉवर सप्लाय एकदम बदलून सर्व्हर बरा झाला, तर कशाने बरा झाला हे कधीच कळत नाही.

कार्डाची ओळख खोक्यावरच्या नावाने होत नाही. एकाच नावाखाली आत वेगवेगळ्या चिप असलेली कार्डे सर्रास विकली गेली. एलएसपीसीआय ही आज्ञा कार्डाचा उत्पादक क्रमांक आणि उपप्रणाली क्रमांक दाखवते. ड्रायव्हर त्यावरूनच कार्ड ओळखतो. स्वस्तातल्या अनेक कार्डांत हा उपप्रणाली क्रमांक कोराच असतो आणि ड्रायव्हरला यादीतला कार्ड क्रमांक हाताने सांगावा लागतो. तो चुकला की बहुधा काळा पडदा किंवा मुके चित्र मिळते. यंत्र गोठण्याचे कारण सहसा दुसरीकडे असते. अशी जुनी अ‍ॅनालॉग कार्डे अजून वापरात आहेत. मुंबईत 2012 च्या अखेरीस केबल डिजिटल झाल्यावर त्यांना थेट केबल जोडण्यात अर्थ उरला नाही, पण सेट-टॉप बॉक्सचे कंपोझिट चित्र घ्यायला किंवा व्हीएचएस फिती डिजिटल करायला ती चालतात.

जुन्या कार्डांच्या बाबतीत मदरबोर्डचा चिपसेटही दोषी असू शकतो. इंटेलचा ट्रायटन आणि व्हिया कंपनीचे काही चिपसेट पीसीआय कार्डांशी नीट जुळत नसत. त्यांच्यासाठी लिनक्सच्या कर्नलमध्ये खास तडजोडी लिहाव्या लागल्या आणि बीटी878 चालवणाऱ्या बीटीटीव्ही ड्रायव्हरमध्ये त्यांचे पर्याय आले. चित्र मेमरीऐवजी थेट ग्राफिक्स कार्डाकडे पाठवणारी ‘ओव्हरले’ पद्धत तर यंत्र गोठवण्यासाठी कुप्रसिद्ध होती. सर्व्हरला पडदाच नसतो, तेव्हा ती बंद ठेवण्यात काही तोटा नव्हता.

नव्या कार्डांनी हा प्रश्न संपवला असे नाही. सीएक्स23885 चिपची पीसीआय एक्स्प्रेस कार्डे रायझन प्रोसेसरच्या यंत्रांत वापरात आली, तेव्हा चिपमधले सूचना वाचणारे यंत्र मध्येच अडकू लागले. लॉगमध्ये ‘एमपेग रिस्क ऑप कोड एरर’ अशी ओळ उमटे आणि रीबूट केल्याशिवाय कार्ड शुद्धीवर येत नसे. कार्ड बदलून, स्लॉट बदलून उपयोग नव्हता. 2018 मध्ये ड्रायव्हरमध्ये यावर तोड लिहिली गेली: ठरावीक यंत्र ओळखले की डीएमए वेगळ्या रीतीने रीसेट करायचा. ओळखता आले नाही तर ती सक्तीने लागू करण्याचा पर्यायही दिला गेला. अशा दोषावर पेचकस निरुपयोगी, नवा कर्नल हाच उपाय. म्हणून हार्डवेअरची उलथापालथ करण्याआधी कर्नलची आवृत्ती तपासावी. पीसीआय एक्स्प्रेसची वीज वाचवणारी एएसपीएम ही सोय बूट करताना बंद करून पाहणेही स्वस्तातली चाचणी आहे.

इंटरप्टची, म्हणजे प्रोसेसरचे लक्ष वेधणाऱ्या हाकेची, भागीदारी हे आणखी एक कारण. कार्ड आणि डिस्कचा कंट्रोलर एकाच इंटरप्ट ओळीवर असतील आणि कार्ड सतत खोटी हाक देत राहिले, तर कर्नल ‘नोबडी केअर्ड’ असा शेरा मारून ती ओळच बंद करतो. मग डिस्कही मुकी होते. जुन्या बोर्डांवर स्लॉट बदलताच हे सुटते.

प्रोसेसर आणि बोर्डमध्ये आयओएमएमयू असेल तर तो बायोसमधून आणि कर्नलमधून चालू करावा. नेमून दिलेल्या पत्त्यांबाहेर कार्डाने लिहायचा प्रयत्न केला, तर हा भाग तो अडवतो आणि कार्डाच्या क्रमांकासह लॉगमध्ये नोंदवतो. वर सांगितलेला नामानिराळा गुन्हेगार असा पुराव्यानिशी सापडतो आणि विकसकांकडे तक्रार करता येते. मात्र कर्नलच्या बाहेरून आणलेला ड्रायव्हर असेल तर कर्नल स्वतःला ‘टेंटेड’ (डागाळलेला) म्हणवून घेतो आणि मूळ विकसक अशा तक्रारीकडे सहसा लक्ष देत नाहीत. दुरुस्ती ड्रायव्हर देणाऱ्याकडेच मागावी लागते.

हे सगळे करूनही यश आले नाही, तर ट्यूनर सर्व्हरच्या पोटातून बाहेर काढावा. यूएसबी ट्यूनरला मेमरीत स्वतःहून लिहिता येत नाही, ते काम यूएसबी कंट्रोलर करतो. ड्रायव्हर मात्र कर्नलमध्येच राहतो. एचडीहोमरनसारखे नेटवर्क ट्यूनर इथरनेटवरून चित्र पाठवतात आणि सर्व्हरवर कर्नल ड्रायव्हर लागतच नाही. ते गोठले तर त्यांचीच वीज बंद-चालू करायची. बॅकअप चालू राहतो.