‘सारखा मारून घेतो’ म्हणजे किती वेळा?

मुलाला घेऊन येणाऱ्या आईवडिलांच्या तोंडून काही वाक्ये हमखास निघतात. ‘सारखा चावतो.’ ‘फार हट्टी आहे.’ ‘कारण नसताना डोके आपटतो.’ ताप असेल तर आपण थर्मामीटर लावतो. वागण्याच्या बाबतीत मात्र ‘सारखा’ हेच माप धरून उपाय सुरू होतात आणि दोन महिन्यांनी फरक पडला की नाही, हे घरात कोणालाच सांगता येत नाही.

वागणूक मोजून मगच उपाय ठरवणारी एक शाखा आहे. तिला उपयोजित वर्तन विश्लेषण म्हणतात. १९६८ साली अमेरिकेत बेअर, वुल्फ आणि रिस्ले या तिघांनी तिची चौकट मांडली. स्वमग्न मुलांच्या संदर्भात तिचे नाव आज जास्त ऐकू येते, पण तिची मोजण्याची रीत कोणत्याही घरात चालते.

मोजण्याआधी व्याख्या हवी. ‘हट्ट’ मोजता येत नाही. ‘उघड्या हाताने स्वतःच्या कानावर किंवा गालावर मारणे’ हे मोजता येते. व्याख्या नीट झाली की नाही, याची कसोटी सोपी आहे. आईने आणि वडिलांनी एकाच वेळी, एकमेकांना न विचारता मोजावे. समजा, आईचे १८ फटके आणि वडिलांचे १५ झाले. लहान आकड्याला मोठ्याने भागले की ८३ टक्के मेळ बसतो. साधारण ८० टक्क्यांच्या वर असेल तर मोजणी विश्वासाची. त्याखाली असेल तर व्याख्या पुन्हा लिहावी.

मारणे, चावणे यांची संख्या मोजावी. रडण्याचा मात्र कालावधी मोजावा, कारण दिवसात एकदाच पण दीड तास रडणारे मूल संख्येत ‘एक’च भरते. आणि किती वेळात मोजले, तेही लिहावे. अर्ध्या तासातले १० फटके आणि दिवसभरातले १० फटके एक नव्हेत. यासाठी यंत्र लागत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एक बाई पदराला चिंचोके बांधून ठेवत आणि दर फटक्याला एक चिंचोका डब्यात टाकत. संध्याकाळी डबा मोजायचा, झाले.

नुसत्या आकड्याने कारण कळत नाही. त्यासाठी वहीला तीन रकाने पाडावेत : आधी काय घडले, मुलाने काय केले, नंतर काय घडले. तिसरा रकाना भरायला आईवडील सगळ्यात जास्त टाळाटाळ करतात, कारण त्यात आपणच असतो!

गेल्या वर्षी सात वर्षांचा एक मुलगा आला होता. बोलत नव्हता. उजव्या कानावर मारून घ्यायचा. शाळेने ‘उद्यापासून आणू नका’ असे कळवले होते. आईने आठवडाभर वही भरली. त्यात फटक्यांचे दोन घोळके दिसले. एक पाटी पुढे ठेवली की सुरू होई आणि पाटी उचलली की थांबे. दुसरा रात्री, अंथरुणात, जवळ कोणी नसताना. या दुसऱ्याला ना कोणी काही देत होते, ना काही टळत होते. मी त्याला आधी कानाच्या डॉक्टरांकडे पाठवले. मधल्या कानात पू निघाला. औषधांनी रात्रीचे फटके थांबले. पाटीचे उरले, अर्ध्या तासात १४. त्याला ‘पुरे’चे चित्र दाखवायला शिकवले, चित्र दाखवले की दोन मिनिटे सुट्टी. सहा आठवड्यांत आकडा तीनवर आला. शाळेने तो आलेख पाहून रोज दोन तास बसवून घ्यायचे कबूल केले. बोलणी करून हे साधले नसते, असे मला वाटते.

एकाच कृतीमागे कारणे निरनिराळी असू शकतात, हे १९८२ साली इवाटा आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत प्रयोगाने दाखवले. स्वतःला इजा करणाऱ्या नऊ जणांना त्यांनी वेगवेगळ्या परिस्थितीत पाहिले. कोणी लक्ष द्यावे म्हणून, कोणी काम टळावे म्हणून, तर कोणी एकटे असतानाही. नऊपैकी सहा जणांत इजा एका ठराविक परिस्थितीतच जास्त होती. या सगळ्यांना एकच औषध किंवा एकच शिक्षा लागू कशी पडेल?

मात्र सगळेच मोजायचे नसते. हात फडफडवणारे, गोल फिरणारे मूल कोणालाही इजा करत नसेल, तर ते थांबवण्याचा खटाटोप कशाला? लोक बघतात म्हणून? मोठ्या झालेल्या अनेक स्वमग्न व्यक्तींनी या उपचारांवर हीच टीका केली आहे आणि मला ती रास्त वाटते.

वही सात दिवस भरावी, त्यात एक सुट्टीचा दिवस असावा. त्या दिवसांत उपाय बदलू नयेत, नाहीतर मूळ आकडा हाती लागत नाही. पण मूल रक्त निघेपर्यंत मारून घेत असेल, डोके जोरात आपटत असेल किंवा हे वागणे अचानक सुरू झाले असेल, तर वहीसाठी थांबू नका. कान, दात, पोट आधी तपासून घ्या.